तात्यांच्या गोदामातला मका

कौसाबाईची कोंबड्यांची शेड दिसली की तात्या ढमाल्यांचा जळफळाट व्हायचा. गावातले सगळे ब्रॉयलरवाले तात्यांच्याच दुकानातून खाद्य न्यायचे, पण वजनाला भरायच्या त्या कौसाबाईच्या कोंबड्या. ती खाद्यात घरच्या रानातला मका मोड आणून मिसळायची, एवढंच.

एक दिवस ती बादली घेऊन दुकानावरून निघाली, तेव्हा तात्यांना राहवलं नाही. भर गिऱ्हाइकांत त्यांनी तिला अडवलं.

"बाई, माझ्या गोदामातून मक्याचं पोतं गेलंय. हा मका माझाच आहे."

कौसाबाईनं बादलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. दाण्यादाण्याला पांढराशुभ्र मोड फुटला होता.

"खात्री करून घेऊ, तात्या. तुमच्या गोदामातला ओंजळभर मका भिजत घाला. त्याला असे मोड आले, तर मी चोर, आणि माझ्या कोंबड्याही तुमच्या."

गिऱ्हाइकं तात्यांकडे बघायला लागली. खाद्यासाठी भरडायचा गोदामातला मका किती जुना आणि किडका आहे, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घसा खाकरला.

"राहू दे. ते पोतं सापडलं वाटतं."

"मग त्यातलाच भिजवा," कौसाबाई म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. तिच्या शेजारी एकेक करून सगळी गिऱ्हाइकं बसली.