हौशी भट्टीतली विळी

फार जुनी नाही, पण भंगार अजून बोलत असे तेव्हाची गोष्ट. निवृत्त झालेल्या दिगंबर साठ्यांनी हौसेखातर अंगणात भट्टी मांडली आणि भंगारातून ट्रकच्या कमानीचा एक पाटा आणला.

"याची विळी करा. घरातली पार बोथट झालीय," त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या.

पाटा सुखावला. जन्मभर ओझी वाहिली, आता निदान भाजी चिरू.

पण साठ्यांनी आधी त्याचा तुकडा तोडून सांडशी केली, कारण सांडशीशिवाय विळी धरणार कशी? मग छिन्नी केली. मग दोघींना टांगायला आकडा, आणि तो वाकडा झाला म्हणून दुसरा.

"धीर धर. चांगल्या कामाला चांगली हत्यारं लागतात," ऐरण पाट्याला म्हणाली. पाटा तोवर वीतभर उरला होता.

शेवटी कुमुदताईंनी बाजारातून विळी आणली. रस्त्याकडेच्या लोहारणीने ती एकाच हातोड्याने घडवली होती.

"तुम्ही किती विळ्या केल्यात?" त्या नव्या विळीने ऐरणीला विचारलं.

"आमची अजून तयारी चाललीय," ऐरण म्हणाली.

वीतभर पाट्याचीही विळी झाली असती. पण साठ्यांनी त्याला सांडशीत धरून भट्टीत घातलं. भिंतीवर अजून एक आकडा कमी पडत होता.