पंपाचे सुतक

एका रखरखीत जंगलात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. उन्हाळ्यात तिथले ओढे पार आटून जात, म्हणून माणसांनी पाणवठ्यावर उन्हावर चालणारा एक पंप बसवला होता. त्याच्या काळ्या पाट्यांवर ऊन पडले की तो घुर्र करून उठे, धो धो पाणी सोडी आणि दिवस मावळला की गप्प होई. हरिणीला तो शेजारीच वाटे.

एकदा दुपारी मोठी वावटळ आली आणि सगळे जंगल धुळीने माखले. दुसऱ्या दिवशी ऊन वर आले, तरी पंप काही उठला नाही. कावळ्याने त्याला कान लावला आणि मान हलवली. "गेला बिचारा! आता दहा दिवस सुतक. कोणी शिवायचे नाही." आणि मुलांनो, सुतकाच्या बाबतीत कावळ्यापुढे कोण बोलणार? तरी वानर बोललाच, "पण तो जिवंत होता कुठे?"

"घ्या! जिवंत नव्हता, तर मेला कसा?" कावळा म्हणाला. झाले, सभाच भरली. कोणी म्हणे, "रोज वेळेवर उठत होता की!" कोणी म्हणे, "त्याला कधी भूक लागली?" दोन दिवस हेच दळण चालले आणि इकडे पाणवठ्याचा तळ उघडा पडला.

तिसऱ्या दिवशी पाडस उभेच राहीना. हरिणी त्याला चाटायला गेली, तर तिच्याच जिभेला ओल नव्हती. ती तडक सभेत शिरली आणि वानराला म्हणाली, "ऊन पडले की उठतो ना तो? मग पाट्यांवर ऊन पडतेय कुठे? बोटभर धूळ बसलीय. चढ आणि झाड ती!"

"अगं ताई, पण सुतक..." कावळा मध्येच म्हणाला.

"खड्ड्यात गेले तुमचे सुतक! दोष लागला तर मला लागू दे."

वानराने पळसाची डहाळी मोडली आणि पाट्या झाडल्या. थोड्याच वेळात पंप घुरघुरला, पाणी आले. पाडस गटागटा प्यायले.

"बघा, जिवंत झाला!" कावळा ओरडला. "जिवंत कसला? धूळ झाडली म्हणून चालला," वानर म्हणाला. पुन्हा जुंपली. शेवटी दोघांनी हरिणीलाच विचारले, "तूच सांग, कोणाचे खरे?"

"ते तुम्ही सावकाश ठरवा," ती म्हणाली. "माझे लेकरू मात्र जाता जाता वाचले. दोन दिवसांत त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही."

तात्पर्य : यंत्रात जीव आहे की नाही, याचा वाद खुशाल घालावा, पण ज्यांच्यात जीव आहे हे ठाऊकच आहे, त्यांना त्यापायी तहानलेले ठेवू नये.