प्रभावळीची काळी बाजू

एका राज्यात चौदा वर्षं राजाचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. राजा परागंदा नव्हता की आजारी नव्हता. धवलकीर्ती महाराज रोज सकाळी सिंहासनावर बसत, न्यायनिवाडा करत, दुपारी ताकभात जेवत. पण त्यांच्या मस्तकाभोवती असं लखलखीत तेज पसरलेलं असे की पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहे. लोक खाली मान घालून येत आणि पाठ न दाखवता मागे मागे सरत जात. दरबारचे कवी मात्र महाराजांच्या नाकाडोळ्यांचं यथासांग वर्णन करत. न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन करायला कवीला कधी अडचण आली आहे?

हे संकट महाराजांनी आपल्याच हातानं ओढवून घेतलं होतं. शिकारीला गेले असता अरण्यातल्या एका पडक्या देवळात त्यांना गुप्तधन सापडलं. त्यावर तमोनाथ नावाचा मांत्रिक पहारा करत होता.

"मोहरांचे हंडे न्या," तमोनाथ म्हणाला. "ही प्रभावळ नेऊ नका. ती देवाची आहे."

देवाच्या मूर्तीमागे धातूची नक्षीदार कमान उभी करतात ना, तीच प्रभावळ. हिच्या कडेला सोन्याच्या ज्वाळा होत्या आणि माथ्यावर कीर्तिमुख. महाराजांनी हंड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि नेमकी प्रभावळच उचलली.

"ने," मांत्रिक म्हणाला. "तुझं तेज सर्वांना दिसेल. तू कुणाला दिसणार नाहीस."

सिंहासनामागे टेकवताच प्रभावळ आपोआप रुतून बसली. तिची मागची बाजू काळी आणि खडबडीत होती, म्हणून महाराजांनी तिथे मखमली पडदा लावला आणि आज्ञा काढली की सिंहासनामागे जो जाईल त्याचं मस्तक उडवलं जाईल. मग ते ऐटीत बसले, आणि तेज त्यांच्या मस्तकाला चिकटलं ते चिकटलंच. जेवताना तेच, झोपताना तेच. प्रभावळ काढायला सोनार आले, लोहार आले, पण समोरच्या सात पायऱ्या चढताचढताच त्यांचे डोळे दिपले.

महाराजांची कन्या पद्मरेखा तेव्हा चार वर्षांची होती. आता ती अठरा वर्षांची झाली होती. रोज सकाळी ती डोळे मिटून, पायऱ्या मोजत वर जाई आणि नमस्कार करून उठे. महाराजांचा हात आशीर्वादासाठी तिच्या कमरेइतक्या उंचीवर येई आणि तिथंच थांबे. मग पद्मरेखा गुडघे वाकवून आपलं डोकं त्या हाताखाली नेई. तिला वाटे, राजेलोकांची हीच रीत असेल.

तिचं लग्न ठरलं. दहाव्या दिवशी वऱ्हाड येणार होतं. सगळा महाल तोरणं बांधण्यात गुंतला होता आणि नवरी बागेतल्या वेळूच्या बेटाखाली बसून रडत होती.

"कुक्! शालू आवडला नाही का?" बेटातल्या भारद्वाजानं विचारलं.

"शालू चांगला आहे. पण मी बाबांचा चेहरा न पाहताच सासरी जाणार. उद्या माझ्या मुलांनी विचारलं, आजोबा कसे दिसतात, तर काय सांगू?"

भारद्वाजानं लाल डोळा तिच्यावर रोखला. "तीन वलयं पाहून ये. एक आभाळातलं, एक भुईवरचं, एक भट्टीतलं. प्रत्येक ठिकाणी एकेक गोष्ट शीक आणि नवव्या दिवशी परत ये. मला येताना खाऊ आण."

पद्मरेखा निघाली. तिसऱ्या दिवशी ती अशा डोंगरावर पोचली जिथे सूर्य कधी मावळत नाही. त्याच्याभोवती मोठं खळं पडलेलं असतं. खाली एक म्हातारा धनगर मेंढरं राखत होता.

"खळ्यात किती रंग आहेत ते सांग, म्हणजे पुढची वाट दाखवतो," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं आणि तिचे डोळे पाण्यानं भरले. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. मग तिनं धनगराकडे पाहिलं. तो तळहात आडवा धरून सूर्य झाकत होता आणि निवांत आभाळ न्याहाळत होता. तिनंही तसंच केलं. खळं स्वच्छ उमटलं.

"आत तांबूस, मग पिवळा, बाहेर पांढरा."

"शहाणी आहेस. तेजाच्या अंगावर धावून जाऊ नये. हात आड धरावा."

पुढं माळावर दुसरं खळं लागलं. हे मळणीचं, सारवलेलं, आभाळातल्यासारखंच गोल. मधोमध लाकडी खांब होता. त्याला मेढ म्हणतात. मेढीभोवती सहा बैल शंभर वर्षं फिरत होते, कारण मेढीखालचं मूठभर धान्य कुणी उचलल्याशिवाय त्यांना थांबता येत नव्हतं. पद्मरेखा सरळ मेढीकडे धावली. खळ्यात पसरलेला कडबा उसळला आणि त्यानं तिला उचलून बाहेर टाकलं. तिनं पदर खोचला आणि पुन्हा धावली. पुन्हा बाहेर! कोपर चांगलंच सोललं.

"राजाघरची घाई," मेढीजवळचा म्हातारा बैल म्हणाला. "इथं सरळ वाट नाही. आमच्याबरोबर फिर. दर फेऱ्याला एक पाऊल आत ये."

ती बैलांबरोबर दिवसभर फिरली. पायांना फोड आले, तोंडात भूस गेलं. दिवस कलताना तिचा हात मेढीला लागला आणि तिनं मूठभर जोंधळे उचलले. बैल थांबले. शंभर वर्षांनी ते खाली बसले आणि रवंथ करू लागले. पद्मरेखालाही तिथून लवकर उठवेना.

तिसरं वलय तुंगा ओतारणीच्या भट्टीत होतं. ती देवांच्या मूर्ती ओतत असे आणि तिचे हात कोपरापर्यंत तांब्याचे होते.

"बाई, मलाही काही परीक्षा द्यायची आहे का?" पद्मरेखानं विचारलं.

"कशाला गं? पाय बघ तुझे. आधी पेज पी."

पेज पिता पिता पद्मरेखा पाहत राहिली. तुंगानं नवी प्रभावळ उचलली, मूर्तीच्या मागे गेली आणि दोन खुंट्या ठोकल्या.

"मागून बसवता?"

"मागूनच बसवायची, मागूनच काढायची. पुढून कशी हात देणार? आणि मागची बाजू काळीच असायची. तिला कोण घासत बसतंय!"

पद्मरेखाच्या डोळ्यांपुढे तो मखमली पडदा आला आणि ती वाटी हातात घेऊन खदखदून हसली. तुंगानं तिला एक लाकडी हातोडी दिली.

नवव्या दिवशी दरबार भरला असता पद्मरेखा आली. तिनं तळहात आडवा धरला आणि डोळे उघडे ठेवून सात पायऱ्या चढली. वर जाऊन ती सिंहासनाभोवती वळू लागली. पहारेकरी दंडपाणीनं तलवार उपसली.

"राजकन्ये, मागे जायची मनाई आहे."

"मी वडिलांना प्रदक्षिणा घालते आहे. उद्या मी सासरी जाणार. माझं मस्तक उडवायचं असेल तर उडवा, पण फेरा मी पुरा करणार."

दंडपाणीनं महाराजांकडे मान वळवली. पडद्यामागे काय आहे हे त्या सभेत एकट्या महाराजांना ठाऊक होतं. हे तेज गेलं तर आपल्यापुढे कोण मान झुकवील, असं त्यांच्या मनात आलं.

"जाऊ दे तिला," महाराज शेवटी म्हणाले.

पडदा बाजूला झाला. मागे उजेडाचा कणही नव्हता. होता फक्त काळा, ठोक्यांचा, खडबडीत धातू आणि दोन खुंट्या. पद्मरेखानं हातोडीनं एक खुंटी पाडली, मग दुसरी. प्रभावळ कलली आणि महाराजांच्या मस्तकावरचं तेज विझलं.

ती धावत पुढे आली. सिंहासनावर देवीचे व्रण असलेला, एक भुवई पांढरी झालेला, साधासुधा म्हातारा बसला होता. त्याच्या हनुवटीवर अगदी तिच्यासारखी खळी होती. कवी एकमेकांकडे पाहू लागले. पद्मरेखाला मात्र इतका देखणा माणूस कुणी असेल असं वाटेना.

महाराज डोळे चोळत होते. त्यांनी हात पुढे केला, कमरेइतक्या उंचीवर, आणि तिथंच खाली पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. ते घाबरले.

"पद्मा? कुठं आहेस बाळ?"

"इथं आहे, बाबा. वर पाहा."

त्यांनी वर पाहिलं. चौदा वर्षं त्या तेजाच्या आतून त्यांनाही पांढऱ्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

"एवढी मोठी कधी झालीस गं?" म्हणून ते सर्वांसमोर रडले.

त्याच दिवशी महाराजांनी प्रभावळ स्वतःच्या खांद्यावरून अरण्यात नेली. तमोनाथानं ती देवामागे बसवली, महाराजांना नमस्कार केला आणि तो धुरासारखा विरला. दरबारातली मनाई उठली. लोक महाराजांकडे पाहून बोलू लागले, क्वचित वादही घालू लागले, आणि महाराजांना ते आवडलं. जोंधळे भारद्वाजाला पोचले. मूठ जरा लहान होती, असं त्याचं म्हणणं पडलं.

लग्न थाटात झालं. निघताना पद्मरेखानं वडिलांना नमस्कार केला, उठली आणि सवयीनं गुडघे वाकवले. पण हात खाली नव्हता. महाराजांनी तो उंच, थेट तिच्या डोक्याच्या वर धरला होता. तेव्हा ती ताठ उभी राहिली.