शिंक्यातल्या सात वाट्या

एका ओढ्याकाठच्या गावात एक सुईण राहायची. तिचं नाव सुंदराकाकू. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती, त्यामुळे ती कुणाला घाबरत नसे. ज्याचं पहिलं रडणं ऐकलं, त्याच्या मिशांना काय भ्यायचं?

ती भ्यायची फक्त ओढ्याला. आषाढ लागला की ओढा दुथडी भरून वाहायचा आणि पलीकडची वाडी चार-चार दिवस तुटायची. त्या वाडीत काकूची लेक मंजुळा दिली होती, आणि यंदा तिचे दिवस आषाढातच भरत होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून मंजुळेला माहेरी येता येईना. काकूने आधीच तिकडे जाऊन राहावं, तर इकडे गावात आणखी दोघी अवघडलेल्या. काकूचा जीव टांगणीला लागला होता.

ओढ्यावर लाकडी साकव बांधायचं सरपंच दाजीसाहेबांनी सात वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं. वासेही आले होते, चांगले सागाचे. ते दाजीसाहेबांच्या अंगणात पडून होते, आणि त्यांचं भाषण ऐकायला येणारी माणसं त्या वाशांवरच बसायची. दर वैशाखात दाजीसाहेब ओढ्यावर यायचे, नारळ फोडायचे, तासभर बोलायचे आणि घरी जाऊन झोपायचे. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात!

त्या गावात एक जुनी रीत होती. कामाचा नारळ फोडला की त्याची एक वाटी देवीपुढे ठेवायची आणि दुसरी देवळातल्या शिंक्यात टांगायची. काम पुरं झालं की ती खाली काढायची. नारळ ज्याने फोडला त्याने पहिला घास खायचा, मग सगळ्यांनी. ती गावाची शिरणी. देवळाची झाडलोट काकूच करायची, म्हणून तिला पक्कं ठाऊक होतं, की शिंक्यात साकवाच्या सात वाट्या लोंबताहेत.

यंदाही वैशाख आला. दाजीसाहेब कडक इस्त्रीचं धोतर नेसून, आठवा नारळ घेऊन ओढ्यावर उभे राहिले. सारा गाव जमला. दाजीसाहेब छाती फुगवून म्हणाले, “मंडळी, हा दाजी एकदा बोलला की बोलला! मी शब्द दिला, म्हणजे काम झालंच समजा!”

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर काकू टोपली घेऊन पुढे आली.

“दाजी, काम झालंच समजायचं ना?”

“अलबत, काकू!”

“मग शिरणी खा बाबा,” काकू म्हणाली आणि तिने टोपलीवरचं फडकं काढलं. “सातदा शब्द दिलास, सातदा काम झालं. या सात वाट्या. पहिला घास तुझा.”

दाजीसाहेबांनी टोपलीत डोकावलं. सात वर्षांचं खोबरं पिवळं पडून लाकडासारखं झालं होतं. पण देवीची शिरणी नाकारायची कशी? त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, आणि त्यांचं तोंड असं काही झालं, की पोरंटोरं खिदळायला लागली. थुंकावं तर पाप, गिळावं तर घशाखाली उतरेना.

“खवट लागतंय होय?” काकूने मायेने विचारलं. “पाणी पी हो. अजून साडेसहा वाट्या आहेत.”

गाव पोट धरधरून हसला. काकू मात्र आता हसत नव्हती. ती म्हणाली, “काम झालं नसेल तर तसं सांग. वाट्या परत शिंक्यात टांगते. माझ्या लेकीचे दिवस पलीकडे आषाढात भरताहेत रे, दाजी. तुझ्या भाषणावर पाय ठेवून मला ओढा ओलांडता येत नाही.”

दाजीसाहेबांनी कसाबसा घास गिळला. खोटं बोलायचं तर पुढची वाटी समोर होती. त्यांनी मान खाली घातली.

“काम झालं नाही, काकू,” ते हळूच म्हणाले.

सात वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. ते बोलल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं असावं, कारण त्यांनी आठवा नारळ खाली ठेवला आणि धोतराचा काचा मारला. “चला रे, वासे उचलायला,” असं म्हणून ते स्वतःच पुढे निघाले. पहिला वासा त्यांच्याच खांद्यावर आला. वाटेत ते दोनदा धडपडले, पण वासा टाकला नाही.

अकराव्या दिवशी साकव उभा राहिला.

आषाढात धो धो पाऊस लागला. एका सकाळी पलीकडून हाक आली, आणि काकू खाली फेसाळणाऱ्या ओढ्याकडे न बघता साकवावरून तरातरा गेली. दुपारी मंजुळेला मुलगी झाली. अगदी ठणठणीत!

बारशाला दाजीसाहेब तोच आठवा नारळ घेऊन साकवावरून आले. नारळ फोडून त्यांनी घसा खाकरला. “मंडळी...”

काकूने पटकन त्यांच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा कोंबला. खोबरं ताजं होतं, गोड होतं. दाजीसाहेब चावत राहिले, आणि भाषण राहूनच गेलं.

तात्पर्य: नारळ कुणीही फोडतो. पुढाऱ्याचा शब्द टाळ्यांवरून नव्हे, त्याने उचललेल्या वाशांवरून तोलावा.