साळिंदराचा कंदील

फार मागची गोष्ट. रानातलं पाणी आटलं, म्हणून जनावरं डोंगरापलीकडे निघाली. मुक्कामाला उजेड हवा, म्हणून साळिंदर कंदिलातल्या मेणबत्त्यांसाठी रंगी मधमाशीकडे मेण मागायला गेला.

"रिकामी पोळी तेवढी न्या, काका," रंगी म्हणाली. "भरल्या पोळ्यांत आमची पिल्लं आहेत."

"एवढं कळतं मला," साळिंदर म्हणाला.

रंगी फुलांवरून परतली, तर ढोलीत एकही पोळं नव्हतं. साळिंदराने सगळीच कापून वितळवली होती आणि वेळूच्या नळीत कापसाची वात धरून मेणबत्त्या ओतल्या होत्या.

संतापाने थरथरत रंगी मुक्कामावर पोहोचली. कंदील लागला होता आणि जनावरं साळिंदराचं कौतुक करत होती.

"माझी पिल्लं कुठायत?"

"चार अळ्यांसाठी केवढा कांगावा!" साळिंदर हसला. "अगं, सगळ्यांना उजेड मिळाला ना?"

"सगळ्यांना? मग आम्ही कोण?" रंगी कडाडली. "मी राजीखुशीने मेण दिलं होतं. तरी तुम्ही घर लुटलंत! आणि बाकीचे त्याच उजेडात खुशाल जेवताय?"

म्हातारं हरीण पुटपुटलं, "झालं ते झालं, पोरी. आता कंदील विझवून काय पिल्लं परत येणार आहेत?"

तेवढ्यात ससा उठला. अंधाराला सगळ्यांत जास्त तोच भ्यायचा. त्याने कंदिलाची काच वर केली आणि मेणबत्ती फुंकली.

"बोल, रंगीताई," अंधारातून त्याचा आवाज आला. "आता आम्ही ऐकतोय."