ठुमी बुटातून निघेना

एक होती बेडकुळी. बोटाएवढी. नाव तिचं ठुमी. नळाखालच्या ओल्या मातीत राहायची. इवलीशी होती, पण कुणाचं ऐकायची नाही.

नळासमोर केशवअण्णांची गाडी उभी असायची. लाललाल. गुळगुळीत. गाडीच्या नाकावरून ठुमी रोज घसरायची. सुर्रर्र, धप्प. पुन्हा चढायची. सुर्रर्र, धप्प.

एक दिवस काय झालं? ठुमी चढली, बसली, आणि घसरलीच नाही. खर्र खर्र, थांबली. पोटाला खरखर लागली. गाडीवर धूळच धूळ. धुळीवर कबुतराची शी. लाल रंग दिसेना कुठे. ठुमीची घसरगुंडी गेली. तिला राग आला. असा राग आला, की गाल टम्म फुगले.

"मी नाही गप्प बसणार," ठुमी म्हणाली.

टुपुक टुपुक. ठुमी गेली फडक्याकडे.

"फडक्या फडक्या, पूस ना.
गाडी चमकेना,
माझी घसरगुंडी घसरेना."

फडकं म्हणालं, "मी कोरडं. कोरड्यानं धूळ पुसली, तर रंगावर ओरखडे उठतात. जा, बादलीला सांग."

"मी नाही गप्प बसणार."

टुपुक टुपुक. ठुमी गेली बादलीकडे.

"बादली बादली, भर ना.
फडकं भिजेना,
गाडी चमकेना,
माझी घसरगुंडी घसरेना."

बादली म्हणाली, "मी रिकामी. खडखड. जा, नळाला सांग."

"मी नाही गप्प बसणार."

टुपुक टुपुक. ठुमी गेली नळाकडे.

"नळा नळा, वाहा ना.
बादली भरेना,
फडकं भिजेना,
गाडी चमकेना,
माझी घसरगुंडी घसरेना."

नळ म्हणाला, "माझ्यात नुसतं फुस्स. वरच्या टाकीत पाणीच नाही. जा, पंपाला सांग."

"मी नाही गप्प बसणार."

टुपुक टुपुक. ठुमी गेली पंपाकडे.

"पंपा पंपा, चाल ना.
नळ वाहेना,
बादली भरेना,
फडकं भिजेना,
गाडी चमकेना,
माझी घसरगुंडी घसरेना."

पंप म्हणाला, "बटण दाबल्याशिवाय मी उठत नाही. जा, भिवामामांना सांग."

"मी नाही गप्प बसणार."

भिवामामा गेटवर बसायचे. टुपुक टुपुक. ठुमी गेली मामांकडे.

"मामा मामा, बटण दाबा ना.
पंप चालेना,
नळ वाहेना,
बादली भरेना,
फडकं भिजेना,
गाडी चमकेना,
माझी घसरगुंडी घसरेना."

मामा म्हणाले, "गाडी अण्णांची. ते धुणार असतील, तर दाबतो. जा, अण्णांना सांग."

"मी नाही गप्प बसणार."

अण्णा दारात चहा पीत होते. टुपुक टुपुक. ठुमी गेली अण्णांकडे.

"अण्णा अण्णा, गाडी धुवा ना.
मामा दाबेनात,
पंप चालेना,
नळ वाहेना,
बादली भरेना,
फडकं भिजेना,
गाडी चमकेना,
माझी घसरगुंडी घसरेना."

अण्णा हसले. "अगं, दसऱ्याला धुतली की. पूजा केली, झेंडूची माळ घातली. आता पुढच्या दसऱ्याला."

ती माळ तर केव्हाच वाळली होती. गाडीवर नुसता दोरा लोंबत होता. ठुमीनं सांगून पाहिलं, की धूळ बसून राहिली, शी वाळून राहिली, तर रंग जातो. अण्णांनी ऐकलंच नाही. त्यांना बाजारात जायचं होतं.

आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नाही. ठुमीला रडू आलं. पण ती रडली नाही. गाल टम्म फुगवले. टुपुक. गेली थेट अण्णांच्या बुटात.

अण्णांनी बुटात पाय घातला. गार गार! पटकन काढला.

"ठुमे, बाहेर ये."

"नाही येणार. पुढच्या दसऱ्याला येईन."

अण्णांनी बूट हलवला. ठुमी हलली नाही. बूट उपडा केला. ठुमी पडली नाही. पार आत, टोकाशी, घट्ट बसली. अण्णा एका पायात बूट घालून उभे. मामा तोंड फिरवून हसले.

"आणि मी दसऱ्यापर्यंत अनवाणी?" अण्णांनी विचारलं.

"अनवाणी," बुटातून आवाज आला.

मग काय! अण्णांनी मामांना सांगितलं. मामांनी बटण दाबलं, टक्. पंप चालला, घुर्रर्र. नळ वाहिला, धो धो. बादली भरली, डुबुक. फडकं भिजलं, पचपच. गाडी चमकली, लखलख. आणि ठुमी? बुटातून बाहेर. सुर्रर्र, धप्प.

पण शी जिथे वाळली होती, तिथे एक पांढुरका डाग राहिला. अण्णांनी घासला. डाग निघेना. तिथला रंगच गेला होता. अण्णांचं तोंड एवढंसं झालं.

ठुमी डागाजवळ येऊन बसली. "आता कधी धुणार?"

"रविवारी."

"कुठल्या?"

"दर रविवारी. आणि शी पडली, तर त्याच दिवशी."

तेव्हापासून दर रविवारी अण्णा गाडी धुतात. आधी गाडी, मग चहा, मग बूट. ठुमी रोज घसरते. सुर्रर्र, धप्प.

एका रविवारी अण्णा विसरले. चहा प्याले. बुटात पाय घातला.

गार गार!