‘उतरली’ म्हणेपर्यंत

पाय पोटाशी घ्या बघू. आणि तिची उशी ओढू नकोस, कितीदा सांगायचं? हं.

तर एकदा काय झालं, आभाळाला डोकं लागेल इतक्या उंचावर एक गाव होतं. डोंगराच्या माथ्यावर नुसता उघडा कातळ. ना झाड, ना आडोसा. हस्त नक्षत्र लागलं की भरदुपारी काळे ढग जमायचे, आणि वीज थेट गुरांमाणसांत उतरायची. दुसरीकडे जाईल कुठं बिचारी? उंच असं काही नव्हतंच तिथं.

पण त्या गावात एका घराकडे एक विद्या होती, बरं का. विजेला वाट देण्याची विद्या. गावाबाहेरच्या काळ्या खडकावर अनवाणी उभं राहायचं. गुडघे जरा वाकवायचे. उजवा तळवा आभाळाकडे उघडायचा आणि डावा हात पाठीशी घट्ट धरायचा. मग माहेरवाशिणीला बोलवावं तसं म्हणायचं, ‘ये बाई, ही तुझी वाट.’ वीज तळव्यातून आत यायची. खांद्यावरून पोटात यायची. तिथं कंबर अशी वळवायची, की छातीकडे न जाता ती उजव्या टाचेतून जमिनीत जायची. गाव वाचायचं.

मग ते माणूस थरथरायचं. विजेचं शेपूट अजून अंगात असायचं ना! म्हणून एक नेम होता. त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं ‘उतरली’ म्हटल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. आईनंसुद्धा नाही.

त्या घरात भागाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचा मुलगा येसजी. मोठा गुणी. त्याची बायको सगुणा, खालच्या गावातून नुकतीच लग्न होऊन आलेली. तिला नेम ठाऊक होता. येईल त्या बाईनं तिला तो सांगितला होता.

मग हस्त लागला. येसजी खडकावर उभा राहिला. वीज आली, टाचेतून गेली. तो थरथरायला लागला. त्याचे गुडघे मोडले, डोळे फिरले. सगुणाला वाटलं, पडला! ती धावली आणि तिनं त्याचा डावा हात धरला.

शेपूट उलटलं. टाच सोडून छातीच्या वाटेनं सगुणाकडे निघालं. येसजीला ते कळलं. त्यानं हात हिसडला, छाती आवळली आणि विजेला स्वतःतच कोंडून घेतलं. सगुणाच्या बांगड्या तेवढ्या तडकल्या. येसजी गेला.

भागाबाई तिला एका शब्दानं बोलली नाही. तेच तर वाईट होतं. ताट वाढून पुढं सरकवायची आणि पाठ फिरवून बसायची. सगुणाला वाटायचं, शिव्या द्याव्यात, मारावं, घराबाहेर काढावं. तिचा भाऊ न्यायला आला, तरी ती गेली नाही. एकटीच खडकाकडे बघत बसायची. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

मग पुन्हा हस्त जवळ आला. गावात विजेला वाट देणारं कुणी उरलं नव्हतं. एके सकाळी सगुणा बघते तर काय, म्हातारी काठी टेकत खडकावर चढतेय. धड उभं राहता येत नव्हतं तिला.

सगुणा तिच्या वाटेत आडवी आली. म्हणाली, "आत्याबाई, मला शिकवा."

तेव्हा म्हातारी पहिल्यांदा बोलली. "तुझ्या हातानं माझा ल्योक गेला. त्या हाताला शिकवू व्हय मी?"

"त्याच हाताला शिकवा, आत्याबाई. घरात दुसरा हात कुठं उरलाय?"

मग म्हातारीनं काठी खाली ठेवली आणि सुनेचा तळवा उघडा करून आभाळाकडे धरला.

मग शिकवणं सुरू झालं. उभं कसं राहायचं ते आधी. मग कंबर कशी वळवायची ते. आणि मग श्वास. तिथं सगळं अडलं. म्हातारीनं सगुणाच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हितं गाठ हाय. वीज हितंच अडंल आणि मरशील. पोरी, तू रडली न्हाईस."

"कुठल्या तोंडानं रडू, आत्याबाई?"

म्हातारीलाच हुंदका फुटला. तीसुद्धा रडली नव्हती ना! मग दोघी चुलीपाशी बसून रडल्या. चुलीवरचं आधण आटून गेलं, तरी कुणी उठलं नाही.

मग आभाळ भरलं. सगुणा खडकावर चढली. ‘ये बाई, ही तुझी वाट,’ म्हणाली. पहिली वीज आली, टाचेतून गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी आली ती सगळं आभाळ घेऊन आली. तीही गेली, पण सगुणाचे गुडघे मोडले. अंग थरथरायला लागलं. जीभ हलेना.

तिनं खडकाखालच्या गोठ्याकडे पाहिलं. म्हातारी दावणीच्या खुंट्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती. पदर दातांत धरलेला. तिचा पाय पुढं यायचा आणि ती तो मागं ओढायची. पुन्हा यायचा, पुन्हा ओढायची. सगुणाला कळत होतं, म्हातारीच्या जिवाचं पाणी पाणी होतंय. पण शब्द काही फुटेना. शेवटी कसाबसा फुटला.

"उतरली."

म्हातारी कशी धावली कुणास ठाऊक, काठीसुद्धा घेतली नाही. तिनं सुनेला उराशी धरलं आणि रडत म्हणाली, "माझाबी पाय उचलला हुता गं. खुंटा नसता, तर मीबी धावले असते."

इतकंच म्हणाली. पण सगुणाला त्याच्याहून जास्त काही नको होतं.

मग गाव वाचलं, गुरं वाचली. दोघी एका ताटात जेवायला लागल्या आणि सुखानं राहिल्या. पण येसजी परत आला नाही हं. गोष्टीतसुद्धा सगळी माणसं परत येत नाहीत, बाळा. हस्ताची वीज उतरून गेली की दोघी खडकापाशी जाऊन बसायच्या. एकमेकींचा हात तेवढा धरायच्या.

चला, मिटा डोळे आता. काय गं? माझा हात हवाय? धर की. आपल्याकडे कधीही धरला तरी चालतो.